चितकबरी गुलबक्षी आणि फटवाली सदाफुली: प्रकल्प नोंदी

८ जून

ही वही बागेत आपसूक उगवलेल्या वेगळ्या झाडांसाठी उघडलीय. नवीन झाड म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात आधी नर्सरीतलं लेबल लावलेलं काहीतरी येतं, पण नावाजलेली कितीतरी झाडं कुणाच्या तरी नजरेला वाफ्यात नाहीतर एखाद्या फांदीवर पडलेली आहेत. न्यू डॉन गुलाबाचंच बघा. मूळ वेल वर्षातून एकदा भरभरून फुलायचा आणि थांबायचा, त्याच्यातच एक प्रकार निघाला जो पुन्हा पुन्हा फुलत राहिला, कुणीतरी ते बघितलं, त्याची कलमं केली, आणि १९३१ मध्ये अमेरिकेत झाडासाठी दिलेलं पहिलं पेटंट ह्याच गुलाबाला मिळालं. मेरी पामर बोगनवेलपण तशीच, एकाच झाडावर पांढरे आणि गडद गुलाबी असे दोन्ही घोस, तोही मुळात फांदीवर झालेला बदलच.

तर काम असं ठरवलंय की दर आठवड्याला सगळे वाफे आणि कुंड्या नीट फिरून बघायच्या, वेगळं दिसलं की लगेच दोरा बांधायचा आणि तारीख लिहायची, मग तो वेगळेपणा टिकतो का ते तपासायचं, आणि टिकला तर झाड वाटायचं. वाटणं हा ह्या कामाचा अर्धा भाग आहे असं मी मानते, कारण एकाच बागेतलं झाड एका वाईट मोसमात जातं, पाच बागांमधलं सहसा जात नाही.

१७ जून

पहिल्या फेरीत दोन गोष्टी सापडल्या. गुलबक्षीच्या वाफ्यात आपोआप आलेल्या रोपांपैकी एकाच्या पानांवर पांढरे डाग आणि पट्टे आहेत, एका पानाचा तर मधल्या शिरेच्या डावीकडचा सगळा भाग पांढरा आणि उजवीकडचा हिरवागार. दुसरं म्हणजे जास्वंदीची एक फांदी, तिची कोवळी पानं पिवळी पडलीत. सदाफुलीची नवीन रोपं अजून फुलली नाहीत, त्यामुळे तिथे सध्या बघण्यासारखं काही नाही.

दोन्हींना दोरा बांधला, फोटो काढले. फोटो काढताना शेजारचं साधं पान पण फ्रेममध्ये हवंच, नाहीतर महिन्याभराने काय वेगळं होतं तेच कळत नाही.

२८ जून

डाग दिसले की पहिला प्रश्न हा रोग तर नाही ना. हा प्रश्न टाळून पुढे जाताच येत नाही, आणि वाटायचं असेल तर अजिबातच नाही, कारण मग आपण झाड नाही तर व्हायरस वाटतोय. ट्युलिपचं उदाहरण सगळ्यात मोठं आहे. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ज्या पट्ट्यापट्ट्यांच्या ट्युलिपच्या कंदांसाठी लोक वेडे झाले होते ते पट्टे व्हायरसमुळे पडत होते, आणि ते कळायला थेट १९२८ साल उजाडलं, डोरोथी केली नावाच्या इंग्लिश संशोधिकेने रोगट कंदाचा तुकडा निरोगी कंदाला जोडून ते दाखवलं. तो व्हायरस मावा पसरवतो आणि कंद वर्षागणिक बारीक होत जातो. दिसायला देखणं आणि आतून पोखरलेलं. अब्युटिलॉन ह्या शोभेच्या झुडपाच्या काही पिवळ्या ठिपक्यांच्या जाती तर आजही व्हायरससकटच विकल्या जातात, त्यांचं सौंदर्यच तो व्हायरस आहे.

मग डोळ्यांनी काय बघायचं. व्हायरसचा डाग सहसा पुसट कडांचा असतो, पिवळा हिरव्यात विरघळत जातो, पान चुरगळतं, शिरा वेड्यावाकड्या होतात, झाड खुजं राहतं, आणि काही दिवसांनी शेजारचं झाडही तसंच दिसायला लागतं. जन्मजात चितकबरेपणा असेल तर पांढऱ्याची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ असते आणि पान सपाट असतं. आपल्या गुलबक्षीच्या कडा स्वच्छ आहेत. पानाच्या मागे भिंगातून बघितलं, मावा नाही, पांढरी माशी नाही. नागअळीच्या रेघा पण पांढऱ्याच दिसतात पण त्या नागमोडी असतात आणि पान उजेडात धरलं की आत पोखरलेला बोगदा दिसतो, इथे तसंही नाही.

तरी रोप मुळांसकट उचलून मोठ्या कुंडीत वेगळं ठेवलंय आणि सोबतीला एक साधी गुलबक्षी, मुद्दाम पानाला पान लागेल अशी. ती बिघडली नाही तर पुढे जायचं. ह्याची कात्री पण वेगळी ठेवलीय.

१२ जुलै

जास्वंद यादीतून बाद. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तेही फक्त नवीन पानांवर, म्हणजे लोहाची कमतरता. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, दिल्यावर पुढची पानं हिरवी आली.

२ ऑगस्ट

सोबतीची गुलबक्षी ठणठणीत आहे. आणि चितकबरीचं आता खरं रूप दिसायला लागलंय, ती फांद्या फोडतेय तशा फांद्या तीन तऱ्हेच्या होतायत. काही पूर्ण हिरव्या. काही चितकबऱ्या. आणि खालच्या एका पेरातून निघालेली एक फांदी पूर्ण पांढरी, देठापासून कळीपर्यंत कुठेही हिरवं नाही, थोडी मेणासारखी झाक आहे तिला. ती जगते कशी तर बाकीचं झाड तिला पोसतंय, स्वतः ती काहीच बनवत नाही.

हे बघून फार आनंद झाला, कारण नेमकं असंच झाड घेऊन कार्ल कोरेन्स ह्या जर्मन शास्त्रज्ञाने प्रयोग केले होते आणि १९०९ मध्ये छापले होते. हा तोच कोरेन्स, मेंडेलचे विसरलेले नियम १९०० मध्ये ज्यांनी पुन्हा उजेडात आणले त्यांच्यातला एक. त्याला गुलबक्षीत असं दिसलं की पुढच्या रोपाचं पान कसं असणार हे बी कुठल्या फांदीवर धरलं त्यावर ठरतं, पराग कुठल्या फुलाचा होता ह्याने काडीचा फरक पडत नाही. हिरव्या फांदीचं बी हिरवी रोपं देतं, पांढऱ्याचं पांढरी, आणि चितकबऱ्या फांदीचं बी तिन्ही प्रकारची. कारण हिरवा रंग ज्या हरितलवकांत असतो ती गुलबक्षीत आईकडूनच, म्हणजे बीजांडातूनच येतात. चितकबऱ्या फांदीच्या पेशींमध्ये चांगली आणि बिघडलेली अशी दोन्ही लवकं मिसळलेली असतात आणि पेशी विभागताना ती कशीही वाटली जातात, कुठे नुसती चांगली जातात कुठे नुसती बिघडलेली, म्हणून एकाच झाडावर तीन रंग.

म्हणजे माझ्या हातात तपासायची पद्धत आयती आहे. प्रत्येक फांदीला वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा बांधलाय. हिरव्याला हिरवा, पांढऱ्याला लाल कारण पांढऱ्यावर पांढरा दिसत नाही, चितकबऱ्याला पिवळा.

संध्याकाळी फुलं उघडताना बराच वेळ बसून बघत होते. आपण ज्याला पाकळ्या म्हणतो तो गुलबक्षीत खरं तर रंगीत झालेला निदलपुंज असतो, म्हणजे एरवी हिरवं असणारं फुलाचं बाहेरचं आवरण, पाकळ्या तिला नसतातच. सकाळी फूल मिटताना आतले पुंकेसर आणि मधली काडी एकमेकांत गुंडाळली जातात, त्यामुळे रात्री पतंग आला नाही तरी स्वतःचाच पराग लागून बी धरतं. आपल्याला ते सोयीचंच.

१९ ऑगस्ट

सदाफुली फुलली आणि त्यात एक भारी रोप निघालं. सदाफुलीच्या पाच पाकळ्या एकमेकींना चिकटून किंवा थोड्या एकमेकींवर चढलेल्या असतात, हिच्या पाकळ्या अरुंद आहेत आणि दोन पाकळ्यांमध्ये सरळ फट आहे, मागचं पान दिसतं त्यातून. रंग फिका गुलाबी, मधला डोळा गडद. झाडावरची सगळी फुलं तशीच आहेत, एखाददुसरं नाही, म्हणून आशा वाटतेय. एखादंच फूल वेडंवाकडं असतं तर ते ऊन-पाण्याचं काम म्हणून सोडून दिलं असतं.

इथे मला विल्यम विल्क्सची गोष्ट लिहून ठेवायचीच आहे. इंग्लंडमधल्या शर्ली गावचे हे पाद्री. १८८० मध्ये त्यांना बागेच्या पडीक कोपऱ्यात, शेतातल्या साध्या लाल खसखशीच्या रानटी फुलांमध्ये, एकाच फुलाला अगदी बारीक पांढरी कड दिसली. त्यांनी त्या एकाच फुलावर खूण केली आणि फक्त त्याचंच बी ठेवलं. पुढच्या वर्षी साधारण दोनशे रोपांत चार-पाच झाडांना कड आली. मग वर्षानुवर्षं तेच, चांगली ठेवायची बाकीची उपटायची, मधला काळा डागही निवडून निवडून घालवला, आणि त्यातून शर्ली पॉपी नावाची आख्खी मालिका तयार झाली, लाल गुलाबी पांढऱ्या सगळ्या छटांची. आणि बी त्यांनी लोकांना मोकळ्या हाताने वाटलं, म्हणून ती फुलं आज जगभर आहेत. पुढे ते रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचे सचिवही झाले.

दोनशेत चार-पाचच का आली ह्याचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. ही रानखसखस स्वतःचा पराग स्वतःला लागू देत नाही, त्यामुळे त्या एका फुलातल्या प्रत्येक बीचा बाप शेजारचं साधं लाल फूल होतं. सदाफुलीचं तसं नाही, तिला स्वतःचा पराग चालतो, फक्त तो आपोआप पोचणं अवघड असतं कारण पराग नळीत वर असतो आणि तो स्वीकारणारी जागा खाली. म्हणून काही कळ्यांवर जाळीची पिशवी बांधली आणि फूल उघडल्यावर बारीक ताठ धागा नळीत घालून पराग खाली ढकलला. काही फुलं मुद्दाम उघडी ठेवली, फुलपाखरांसाठी. दोन्ही बी वेगळं पेरायचं.

१४ सप्टेंबर

गुलबक्षीचं बी गोळा करतेय. एका फुलात एकच बी, काळं झालं की हात लावायच्या आधी खाली पडतं, आणि एकदा मातीत पडलं की कुठल्या फांदीचं ते कळणार नाही, मग सगळी मेहनत वाया. म्हणून प्रत्येक फांदीवर जाळीची छोटी पिशवी. पांढऱ्या फांदीवरही बी धरलंय हे विशेष, बारीक आहे पण भरलेलं आहे.

कागदी पाकिटात ठेवतेय, प्लॅस्टिकमध्ये नाही, ओल राहिली तर बुरशी. पाकिटावर पेन्सिलनेच लिहायचं, शाई पाण्याने जाते आणि उन्हात उडते.

सदाफुलीच्या जोडशेंगा अजून हिरव्या आहेत. तिची शेंडा कलमं पण लावली आज, खालची पानं काढून, कोकोपीटमध्ये, वरून पारदर्शक झाकण.

९ ऑक्टोबर

गुलबक्षी उगवली. हे नीट लिहायला हवं.

हिरव्या धाग्याच्या ट्रेमध्ये सगळी रोपं हिरवी. एकही अपवाद नाही. पिवळ्या धाग्याच्या ट्रेमध्ये खिचडी आहे, बरीच हिरवी, काही चितकबरी, थोडी पांढरी. आणि लाल धाग्याच्या ट्रेमध्ये जेवढी उगवली तेवढी सगळी पांढरीशुभ्र.

पांढरं रोप जवळून बघायला मिळणं ही दुर्मीळ गोष्ट आहे म्हणून भिंग घेऊन बसले. देठ खाली किंचित गुलाबी, दोन्ही बीजपत्रं रुंद, मूत्रपिंडाच्या आकाराची, हिरव्या रोपाची असतात तशीच, फक्त रंग नाही. उजेडात धरलं तर पानातून बोटाची सावली दिसते. शिरा पाण्यासारख्या पारदर्शक. माती फोडून वर येण्याचा जोर हिरव्याइतकाच आहे कारण आतापर्यंतचं सगळं बीच्या शिदोरीवर चाललंय, हिरव्या रंगाची गरज पुढे लागणार आहे. दोन बीजपत्रांच्या मध्ये खऱ्या पानाची टोकं सुद्धा दिसतायत, तीही पांढरी.

एकशे दहापेक्षा जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी हेच बघून लिहून ठेवलं आणि आज ते एका ट्रेमध्ये जसंच्या तसं समोर आहे. ज्यांच्याकडे चितकबरी गुलबक्षी असेल त्यांनी हे एकदा करून बघाच, लहान मुलांना घेऊन तर नक्की. आनुवंशिकता इतकी उघडपणे दाखवणारं दुसरं सोपं झाड मला तरी माहीत नाही.

सदाफुली पण पेरली, जाळीतलं बी एका ट्रेमध्ये आणि उघड्या फुलांचं दुसऱ्यात. हिचं बी अंधारात उगवतं, उजेड लागला की अडतं, म्हणून वरून मातीचा थर आणि त्यावर पुठ्ठा. अंकुर दिसले की पुठ्ठा काढायचा.

२३ ऑक्टोबर

लाल धाग्याची सगळी रोपं गेली. शिदोरी संपली की संपलं, खरं पान पूर्ण उघडलंच नाही.

तर निकाल असा. ही गुलबक्षी रोगट नाही, सोबतीचं झाड शेवटपर्यंत स्वच्छ राहिलं. पण हिला बीपासून पक्की जात म्हणता येत नाही. बागेतल्या झाडाला स्वतःचं नाव मिळायला तीन गोष्टी लागतात, बाकीच्यांपासून वेगळं असणं, सगळी रोपं एकसारखी असणं, आणि पिढ्या गेल्या तरी ते टिकणं. नवीन जातींच्या हक्कांसाठी १९६१ मध्ये जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्यातही चाचणी ह्याच तिन्हींची होते. चितकबरी पहिल्यात पास आणि बीपासून दुसऱ्या-तिसऱ्यात नापास. मात्र तिचा कंद आहे. गुलबक्षी जमिनीत जाड मूळ धरते आणि वरचा भाग वाळला तरी त्यातून परत फुटते, त्यामुळे हे एक झाड वर्षानुवर्षं टिकवता येईल. फक्त पूर्ण हिरवी फांदी आली की छाटत राहायची, ती जोमाने वाढते आणि चितकबऱ्या फांद्यांना दाबून टाकते.

नागीण म्हणजे स्नेक प्लांट ज्यांच्याकडे आहे त्यांना हाच प्रश्न उलट्या बाजूने भेटतो. पिवळ्या काठाच्या पानाचे तुकडे लावले तर येणारी पिल्लं बहुतेक साधी हिरवी निघतात, कारण तो पिवळा काठ पेशींच्या वेगळ्या थरांमुळे असतो आणि पानाच्या तुकड्यातून नवीन कोंब फुटताना ते थर तसेच्या तसे रचले जात नाहीत. काठ हवा असेल तर कंदाची वाटणीच करावी लागते. म्हणून झाड देताना ते कशापासून वाढवायचं हे सांगितलं नाही तर अर्धंच दिल्यासारखं होतं.

१६ नोव्हेंबर

सदाफुलीची कलमं फुलली. सगळ्यांना फट. म्हणजे कलमाने जात टिकते. बियांच्या रोपांना कळ्या यायला अजून वेळ आहे.

नावाचा विचार सुरू केलाय. लागवडीतल्या झाडांच्या नावांची आंतरराष्ट्रीय नियमावली १९५३ पासून आहे आणि ती वाचल्यावर बरेच गोंधळ सुटतात. जातीचं नाव एकेरी अवतरणात लिहायचं, आणि १९५९ नंतरच्या नवीन नावांना लॅटिन चालत नाही, साध्या बोलीतलं नाव हवं. कुठल्या झाडांची नोंद कुणाकडे हेही ठरलेलं असतं, जसं बोगनवेलीचं काम दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेकडे आहे. नावाआधी मात्र एक मोठं काम आहे, अशी फटवाली सदाफुली आधीच कुणी नाव देऊन ठेवलीय का ते शोधणं, कारण अरुंद पाकळ्यांच्या सदाफुल्या बाजारात आहेत. माझ्या बागेला नवीन म्हणजे जगाला नवीन असं होत नाही. तोपर्यंत वहीत ती ‘फटवाली’ एवढंच.

७ डिसेंबर

वाटणी सुरू. सदाफुलीची कलमं तीन घरी गेली, शेजारच्या काकूंना, एका मैत्रिणीला आणि तिच्या भावाला, त्याची बाग डोंगरावर थंड हवेत आहे. तिघांची माती आणि ऊन वेगवेगळं आहे हेच मला हवंय, सगळीकडे फट टिकली तरच ती झाडाची.

मुळं ओल्या कापडात आणि वर बंद प्लॅस्टिकची पिशवी, आतली वाफ आतच फिरते आणि रोप दोन-तीन दिवस सहज काढतं. ह्या साध्या गोष्टीने एकेकाळी जग बदललंय. नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या लंडनच्या डॉक्टरने १८२९ च्या सुमारास पतंगाचा कोश ओल्या मातीसकट काचेच्या बाटलीत बंद करून ठेवला होता, त्यात कोशाबरोबर नेचा आणि गवत उगवून आलं, आणि धुरकट लंडनमध्ये उघड्यावर न जगणारा नेचा बाटलीत मजेत राहिला. त्यातून काचेच्या बंद पेट्या निघाल्या आणि १८३३ मध्ये जहाजाच्या डेकवरून झाडं जिवंत ऑस्ट्रेलियाला पोचली. त्याआधी समुद्रप्रवासात बहुतेक रोपं खाऱ्या वाऱ्याने मरायची.

प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी जातेय. त्यात झाडाचं नाव, कुठे आणि कधी सापडलं, कशापासून वाढवायचं, आणि काय जपायचं. सदाफुलीचे सगळे भाग विषारी आहेत, गुलबक्षीचं बी आणि मूळसुद्धा, घरात लहान मूल किंवा जनावर असेल तर हे आधी कळायला हवं. चिठ्ठीत आणखी एक ओळ मी आग्रहाने घातलीय की आपोआप पसरत असेल तर मला कळवा आणि बागेबाहेर जाऊ देऊ नका. जलपर्णी आणि घाणेरी दोन्ही शोभेची म्हणूनच एका देशातून दुसऱ्या देशात गेली होती आणि आज तळी आणि जंगलं त्यांनी भरलीत. सुंदर झाड वाटायच्या उत्साहात हा प्रश्न मागे पडतो, तो पडू द्यायचा नाही.

मैत्रिणीच्या भावाने विकतच्या एका गुलाबाचीही कलमं मागितली होती, ती नाही दिली. लेबलवर हक्क राखीव असल्याचं लिहिलंय, ती जात तयार करायला कुणाची तरी वर्षं गेलीयत. आणि परदेशात कुणाला पाठवायचं असेल तर रोगमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, माती तर बहुतेक देश आत येऊच देत नाहीत, त्यामुळे तिकडच्या मागण्यांना सध्या नाही म्हणतेय.

११ जानेवारी

सदाफुलीच्या बियांची रोपं फुलली. जाळीतल्या फुलांच्या ट्रेमध्ये जवळजवळ सगळ्यांना फट आहे. उघड्या फुलांच्या ट्रेमध्ये मोजकीच, बाकी साधी. विल्क्सच्या दोनशेतल्या चार-पाच झाडांचं कारण इथे समोर दिसतंय, फरक फक्त जाळीचा.

एका रोपात फट तर आहेच पण डोळा जवळजवळ नाहीसा झालाय, पूर्ण फिकं गुलाबी फूल. त्याला निळा दोरा बांधला आणि लगेच जाळी.

काकूंकडची कलमं फुलली, फट तशीच. मैत्रिणीकडे एक पाणी जास्त होऊन कुजलं, दुसरं चांगलं आहे. सदाफुलीला मुळाशी पाणी साठलेलं अजिबात चालत नाही हे चिठ्ठीत वाढवलं. डोंगरावरून अजून फोटो नाही, थंडीत ती तशीही थांबते, ऊन वाढलं की कळेल.

पुढची पेरणी फक्त जाळीतल्या बियांची. उघड्या ट्रेमधली साधी रोपं काढून बागेच्या दुसऱ्या टोकाला लावायची, म्हणजे फुलपाखरं तिकडचा पराग इकडे कमी आणतील. गुलबक्षीचा कंद कुंडीतच ठेवलाय, पाणी कमी केलंय, कुंडीवर पिवळा धागा आणि तारीख.